बैरामखानाची माणसे

सुरतेचा किल्ला मराठी वाचकाला माहीत असतो तो 1664 च्या जानेवारीतला. शिवाजी महाराज शहरात शिरले आणि मोगलांचा अंमलदार इनायतखान तापीकाठच्या किल्ल्यात दारे लावून बसला. शहर लुटले गेले, किल्ला तसाच राहिला. आपल्या इतिहासात त्या किल्ल्याची नोंद बहुतेक एवढीच. पण त्याच्या सव्वाशे वर्षे आधी, किल्ल्याचे दगड अजून रचले जात होते त्या सुमारास, एक परका माणूस सुरतेत येऊन गेला होता. हजला जायचे आहे असे सांगून त्याने गुजरातच्या सुलतानाकडून रजा मिळवली होती. सुरतेला तो पोचला, पण जहाजात काही बसला नाही. तिथून वळला आणि वाळवंट ओलांडून सिंधमध्ये आपल्या परागंदा धन्याला जाऊन मिळाला. अकबराचा इतिहासकार अबुल फजल याने ही हकीकत दोन-चार ओळींत सांगून टाकली आहे.

तो माणूस बैराम बेग. पुढे अकबराचा पालक आणि खान-ए-खानान झालेला बैरामखान तो हाच. शाळेच्या पुस्तकात तो पानिपतच्या दुसऱ्या लढाईपुरता येतो आणि पुढच्या परिच्छेदात मारला जातो. मला त्याच्याकडे वेगळ्या बाजूने पाहायचे आहे. बैराम हा एका तुर्कमान टोळीप्रमुखाच्या वंशातला. त्याच्या पूर्वजाचे, अली शुक्र बेगचे, पंधराव्या शतकात इराणातल्या हमदानच्या आसपास राज्य होते. या तुर्कमान सरदारांचे राज्य जमिनीवर नसे, माणसांवर असे. वाक्य सोपे वाटते. पण त्यात काय काय दडले आहे हे कळायला या एका घराण्याच्या मागोमाग दीडशे वर्षे चालावे लागते. त्या वाटेवर सुरत एकदा नाही, अनेकदा लागते.

मुळापासून सुरुवात करू. चौदाव्या-पंधराव्या शतकात पूर्व अनातोलिया, आर्मेनिया आणि अझरबैजानच्या डोंगराळ पट्ट्यात तुर्कमान टोळ्यांचे दोन मोठे संघ होते. एक कारा कोयुनलू, म्हणजे काळ्या मेंढीवाले, आणि दुसरा आक कोयुनलू, पांढऱ्या मेंढीवाले. कारा कोयुनलूंचा कारा युसुफ तैमूरशी लढला, हरला, परागंदा झाला, परत आला आणि तब्रीझचा धनी झाला. त्याचा मुलगा जहानशाह याने इराणचा मोठा भाग जिंकला. तब्रीझची निळी मशीद याच्याच काळातली, आणि तो स्वतः कविताही करी. अशा संघात पाच-दहा टोळ्या असत. त्यांतली बहारलू ही एक वजनदार टोळी. तिचा प्रमुख अली शुक्र.

असा प्रमुख करी काय? उन्हाळ्याची कुरणे कुणाची, हिवाळ्याची कुणाची, हे ठरवी. पाण्यावरून भांडणे झाली तर मिटवी. लढाईला निघताना पुढे राही आणि लूट आली की ती वाटून देई. या शेवटच्या कामावर त्याची सगळी पत अवलंबून असे. आपल्याकडे खानदेशातल्या ठेलारी धनगरांचा वाडा पावसाळा संपताच मेंढरे, घोडी, कोंबड्या, पोरेबाळे घेऊन निघतो तेव्हा वाड्याच्या म्होरक्याचा शब्द चालतो. पण त्याचा निवाडा सतत एकतर्फी होऊ लागला, तर पुढच्या वर्षी चार कुटुंबे गुपचूप दुसऱ्या वाड्यात दिसतात. तुर्कमान बेगचे राज्य याच जातीचे, फक्त हजारो कुटुंबांचे आणि हातात धनुष्य असलेले. संपत्तीला पाय होते आणि प्रजेलाही. शेतकऱ्याला जमीन सोडून सहज पळता येत नाही, म्हणून राजा कसाही असला तरी त्याच्यावर राज्य चालते. तंबूवाल्याला राजा पटला नाही, तर तो खुंट्या उपटतो.

आपल्या वतनदाराच्या अगदी उलटे हे. देशमुख-पाटलाच्या डोक्यात राज्ये बदलली तरी गाव बदलत नाही. निजामशाही गेली, आदिलशाही आली, मोगल आले. पाटील आपला गावातच, आपल्या मानपानाला आणि शिवारातल्या दगडाला चिकटून. त्याच्यापाशी जमीन होती म्हणून माणसे होती. अली शुक्रापाशी माणसे होती म्हणून जमीन होती.

आता यातली गंमत पाहा. हमदानच्या त्या प्रदेशाला लोक पुढे कितीतरी काळ अली शुक्राचा मुलूख म्हणत राहिले. सफवी बादशहांच्या काळातही फारसी लेखनात ते नाव येते. म्हणजे ज्याच्या राज्याचा पाया जमीन हा नव्हताच, त्याचे नाव जमिनीलाच चिकटले, आणि त्याची खरी मत्ता, ती माणसे, भलत्याच दिशेला निघून गेली.

ती का गेली? 1467 च्या हिवाळ्याच्या तोंडावर जहानशाह आक कोयुनलूंच्या उझून हसनवर चालून गेला होता. काही हाती लागेना, थंडी वाढली, तेव्हा त्याने सैन्याला हिवाळी मुक्कामावर जायला मोकळे केले आणि आपण थोड्या लोकांनिशी मागे रेंगाळला. उझून हसन अचानक येऊन कोसळला. जहानशाह मारला गेला. एवढे मोठे राज्य, पण माणसे घरी पाठवल्याबरोबर राजाजवळ काहीच उरले नव्हते. भिंत नाही, खंदक नाही, पगारी पहारा नाही. थोड्याच काळात काळ्या मेंढीवाल्यांचे राज्य पांढऱ्या मेंढीवाल्यांच्या हाती गेले.

अली शुक्राच्या मुलांचे पुढे काय झाले ते बाबराने आपल्या आठवणींत सांगितले आहे, आणि ते सांगताना त्याने जे मोजले ते महत्त्वाचे. किती कोसांचा मुलूख गेला, किती किल्ले गेले, यातले तो काही सांगत नाही. काळ्या मेंढीवाल्या तुर्कमानांची चार-पाच हजार घरे घेऊन ही मुले तैमूरवंशी सुलतान अबू सईदच्या चाकरीत शिरली, असे तो सांगतो. 1469 मध्ये अबू सईदही उझून हसनच्या हाती सापडून मेला, तेव्हा ही घरे आणखी पूर्वेला सरकली आणि हिसारच्या बाजूला बाबराच्या चुलत्याजवळ, सुलतान महमूद मिर्झाजवळ, येऊन थांबली. त्या मिर्झाने अली शुक्राच्या मुलीशी, पाशा बेगमशी, लग्न केले. ती आधी जहानशाहच्या सुनेच्या नात्याने तब्रीझच्या राजघरात होती. नवा धनी या विधवेला घरात आणतो तेव्हा तिच्या पाठोपाठ चार-पाच हजार घरांचा विश्वासही घरात येतो, हे सगळ्यांना ठाऊक होते.

याच पडझडीतून काळ्या मेंढीवाल्यांची दुसरी एक फांदी दक्षिणेला आली, आणि तीही हमदानच्याच बाजूची. कारा युसुफाच्या वंशातला सुलतान कुली नावाचा तरुण बहमनी दरबारात चाकरीला लागला, तेलंगणचा सुभेदार झाला आणि गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा मूळपुरुष ठरला. त्याने टोळी बरोबर आणली नाही. इथले किल्ले, इथले नायक, इथली शेती यांवर राज्य उभे केले, म्हणून ते पावणेदोनशे वर्षे टिकले. 1677 मध्ये शिवाजी महाराज ज्या अबुल हसन कुतुबशहाला भेटायला भागानगरला गेले, तो याच गादीवरचा. पण ती कथा वेगळी. जमिनीला चिकटलेल्या तुर्कमानाची.

बैरामच्या घराला हे जमले नाही. हमदान परत मिळवायचे प्रयत्न फसले. पिढीगणिक घरे कमी होत गेली. काही नव्या धन्यांत मिसळली, काही मागे इराणात राहून पुढे सफवींच्या किझिलबाश सैनिकांत गेली. चौथ्या पिढीत बदख्शानच्या बाजूला बैराम जन्मला तेव्हा बेग ही पदवी शिल्लक होती आणि टोळी जवळजवळ नव्हती. सोळाव्या वर्षाच्या सुमारास तो बाबराच्या मुलाच्या, हुमायूनच्या, पदरी लागला.

इथे गोष्ट उलटी फिरते. ज्याच्या पूर्वजांमागे हजारो घरे चालत, तो आता दुसऱ्याच्या मागे चालणारा एक माणूस झाला. आणि नवल असे, की मागे चालण्याची ती टोळीतली रीत त्याने पुरी पाळली. 1535 मध्ये हुमायूनने चांपानेरचा गड घेतला तेव्हा रात्री कड्यात लोखंडी खुंट्या ठोकून निवडक लोक वर चढले. बादशहा स्वतः चढायला निघाला, तर त्याच्या आधी पाऊल टाकायला बैराम पुढे झाला.

1540 च्या मे महिन्यात कनोजजवळ शेरशहाने हुमायूनची दाणादाण उडवली. बैराम संभळकडे पळाला आणि अखेर शेरशहाच्या हाती लागला. शेरशहाला माणसांची पारख होती, त्याने त्याला गोंजारले. बैराम मान डोलावत राहिला आणि बुऱ्हाणपूरजवळ संधी मिळताच ग्वाल्हेरचा जुना किल्लेदार अबुल कासिम याच्याबरोबर निसटला. वाटेत शेरशहाच्या लोकांनी दोघांना गाठले. अबुल कासिम उंचापुरा, रुबाबदार; त्यांना वाटले हाच बैराम. बैराम पुढे होऊन म्हणाला, बैराम मी आहे. अबुल कासिम म्हणाला, हा माझा नोकर, माझ्यासाठी मरायला निघालाय, सोडा त्याला. त्यांनी बैरामला सोडले. अबुल कासिम मारला गेला.

हा प्रसंग मला त्याच्या साऱ्या चरित्रात सगळ्यांत बोलका वाटतो. टोळी नाही, मुलूख नाही, धनी परागंदा. अशा वेळीही एक माणूस त्याच्या जागी मरायला उभा राहतो. राज्य माणसांवर असते म्हणजे काय, ते इथे एका माणसापुरते दिसते.

बुऱ्हाणपूर तापीच्या वरच्या अंगाला, सुरत तिच्या मुखाशी. बैराम गुजरातेत पोचला, तेव्हा तिथल्या सुलतान महमूदानेही त्याला ठेवून घ्यायचा प्रयत्न केला. एवढा कसलेला सरदार कुणाला नको होता! तेव्हा त्याने हजची रजा मागितली. हजला निघालेल्या मुसलमानाला कोणता सुलतान अडवणार? असा तो सुरतेला आला.

त्या वेळची सुरत डोळ्यांपुढे आणायला हवी. पोर्तुगीजांनी ती 1512 मध्ये आणि पुन्हा 1530-31 मध्ये जाळली होती. म्हणून सुलतानाच्या हुकमाने ख्वाजा सफर, ज्याला खुदावंदखान म्हणत, तो नदीकाठी नवा किल्ला उठवत होता. हिजरी 947, म्हणजे 1540-41 हे त्याच्या उभारणीचे साल. फिरंग्यांची छाती फुटावी अशी ही वास्तू आहे, अशा अर्थाच्या फारसी शब्दांत ते साल गुंफलेले आहे. खुदावंदखान हा बैरामच्या अगदी उलट टोकाचा माणूस. पोर्तुगीज लेखक त्याचे मूळ इटलीच्या किनाऱ्याकडचे सांगतात. कुळ नाही, टोळी नाही, पणजोबाची आठवण नाही. तुर्कांच्या आरमारी जगातून वर आलेला, तोफा आणि व्यापार जाणणारा. त्याचा भरवसा दगडावर, दारूगोळ्यावर आणि पगारावर. 1546 मध्ये दीवच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने तो मेला, तरी त्याचा किल्ला उभा राहिला. या दोघांची भेट झाली असे कुणी म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही. पण एक जण भिंतींवर भिस्त ठेवणारा आणि दुसरा माणसांवर, असे दोघे त्या काळात या एका बंदराने पाहिले.

एप्रिल 1543 मध्ये बैराम सिंधमधल्या जून गावी हुमायूनला मिळाला. तिथे चकमक चालू होती. तो धन्याला मुजरा करायच्या आधी सरळ लढाईतच घुसला, असे सांगतात. योगायोग असा, की याच 1543 मध्ये तिकडे गोवळकोंड्याचा म्हातारा सुलतान कुली आपल्याच मुलाच्या कटात मारला गेला.

पुढच्या वर्षी हुमायून इराणात शाह तहमास्पच्या आश्रयाला गेला. बैराम वकील म्हणून पुढे गेला होता. शाहने त्याला केस कापून किझिलबाशांची टोपी घालायला सांगितले. आमंत्रण साधे नव्हते. बैरामच्या टोळीतले उरलेसुरले लोक आता हीच टोपी घालत होते. टोपी घातली असती तर पूर्वजांच्या मुलखात, आपल्याच भाऊबंदांत, तो पुन्हा बेग झाला असता. त्याने सांगितले, मी दुसऱ्याचा चाकर आहे, त्याच्या हुकमाशिवाय नाही. शाह रागावला. हुमायूनचा पाणक्या जौहर याने ही गोष्ट लिहून ठेवली आहे. अली शुक्राचे राज्य त्या दिवशी खऱ्या अर्थाने संपले असे मला वाटते, आणि ते संपवणारा त्याच्याच रक्ताचा होता.

कंदाहार 1545 मध्ये मिळाले आणि बैरामकडे आले. 1555 मध्ये हुमायून हिंदुस्थानात परतला तेव्हा सतलजकाठी माछीवाड्याला बैरामने अफगाणांना हरवले. संध्याकाळ झाली, उजेडासाठी अफगाणांनी जवळच्या झोपड्या पेटवल्या आणि स्वतःच त्या उजेडात मोगल तिरंदाजांपुढे उघडे पडले. तिथे पडलेल्या अफगाणांत एक लोहानी होता. त्याच्या मुलाचे नाव पुढे येईल.

जानेवारी 1556 मध्ये हुमायून वारला. तेरा वर्षांच्या अकबराला कलानौरला गादीवर बसवून बैरामने राज्याचा गाडा हाती घेतला. दिल्ली अफगाणांच्या सेनापतीच्या, हेमूच्या, हाती सोडून आलेल्या तर्दी बेग या मोगल सरदाराला त्याने ठार केले, आणि नोव्हेंबरात पानिपतला हेमूचा पाडाव झाला. नंतरची चार वर्षे हिंदुस्थानचे राज्य खरे म्हणजे तोच चालवत होता. अकबर त्याला खानबाबा म्हणे. हुमायूनची भाची सलीमा सुलतान बेगम 1557 मध्ये त्याची पत्नी झाली. आपल्या पदरच्या माणसांना त्याने मोठमोठ्या जागा दिल्या, शेख गदाईला सद्र, म्हणजे धर्मखात्याचा प्रमुख, केले. अकबराच्या खासगीतल्या लोकांचे हात मात्र आखडते ठेवले. एकदा बादशाही हत्तीने त्याचा हत्ती मारला, तर त्याने माहुताला देहान्त दिला. अशा गोष्टी महालात साठत गेल्या. अकबराच्या दाईचे, माहम अनगाचे, कारस्थान वगैरे सगळे खरे. पण नुसत्या कारस्थानाने एवढा माणूस पडत नाही.

तो पडला कसा ते पाहण्यासारखे आहे. 1560 च्या मार्चमध्ये अकबर शिकारीच्या निमित्ताने आग्र्याहून निघाला आणि दिल्लीला जाऊन बसला. लढाई नाही, वेढा नाही. दिल्लीहून पत्रे सुटली: बादशहा इथे आहे, ज्याला चाकरी हवी त्याने यावे. आणि आग्र्याहून एकेक सरदार उठून चालू लागला. काल बैरामच्या दिवाणखान्यात बसलेला आज दिल्लीच्या वाटेवर. काही आठवड्यांत खान-ए-खानानाच्या भोवती मोजकी माणसे उरली.

बैरामने हीच माणसे आपली धरली होती, आणि सगळा घोटाळा तिथे आहे. अली शुक्राची घरे त्याच्या मागे चालत तेव्हा त्यांत सोयरीक होती, कुरणांचा वाटा होता, दोन-तीन पिढ्यांची भांडणे आणि समेट होते. सोडून जायचे तर सगळे उपटून न्यावे लागे. त्यामुळे जाणारा दहादा विचार करी आणि प्रमुखही त्याला दुखवताना दहादा विचार करी. आग्र्यातल्या सरदाराला जहागीर मिळे ती बादशहाच्या शिक्क्याने. बैरामला सोडण्यात त्याचे काहीच जात नव्हते. बैरामजवळ राहण्यात मात्र सर्वस्व जाणार होते. माणसांवर राज्य करायची पिढीजात कला बैरामच्या अंगात होती, पण इथली माणसे शिक्क्याची होती आणि शिक्का त्या सतरा वर्षांच्या पोराचा होता. स्वतःचे इमान आयुष्यभर एका धन्यापाशी ठेवणाऱ्याला हे आधी उमगायला हवे होते, कारण त्याने स्वतःही तेच केले होते. आपल्यामागे चालणारे असेच कुणाच्या तरी मागे चालत आहेत आणि तो कुणीतरी आपण नाही, हे त्याच्या ध्यानात आले नाही.

त्याने निशाण आणि नगारा आपल्याच भाच्याच्या, हुसेन कुली बेगच्या, हाती परत पाठवून दिला आणि मक्केला जातो म्हणाला. हे हजचे नाव पुन्हा आले! या वेळी लोकांनी विश्वास ठेवला नाही, आणि कोण ठेवील? त्याला हुसकून लावायला पीर मुहम्मदला पाठवले. तो एके काळी बैरामच्याच हाताखाली वाढलेला, मग त्यानेच पायउतार केलेला. हा अपमान बैरामला सोसवेना आणि तो पंजाबात वळून लढायला उभा राहिला. बायकामुले आणि सामानसुमान त्याने भटिंड्याच्या किल्ल्यात शेर मुहम्मद दिवाना या जुन्या विश्वासू नोकराजवळ ठेवले. त्यानेच सगळे घशात घातले. जालंधरच्या बाजूला गुनाचौरला बैराम हरला आणि शिवालिकच्या डोंगरात शिरला. तिथल्या चकमकीत समोरच्या फौजेतला सुलतान हुसेन जलायर पडला. लोकांनी त्याचे डोके आनंदाने आणून बैरामपुढे ठेवले. बैराम रडला. माझ्या एका जिवासाठी अशी माणसे मरायची असतील तर धिक्कार असो, असे म्हणून त्याने शरणागतीचा निरोप पाठवला. मेलेला शत्रूच्या बाजूचा होता हे त्या क्षणी त्याला आड आले नाही.

अकबराने त्याला उठवून शेजारी बसवले आणि पर्याय दिले: जहागीर घे, दरबारात राहा, नाहीतर हजला जा. बैरामने हज निवडली आणि या खेपेला ती खरी होती. वीस वर्षांपूर्वी सुरतेला ज्या सबबीवर तो पोचला होता, तीच आता त्याची एकमेव इच्छा उरली होती. राजस्थानातून तो गुजरातच्या किनाऱ्याकडे निघाला, पाटणला थांबला. तिथे सहस्रलिंग तलावात नावेतून फिरून तो काठाला उतरत होता. तीस-चाळीस पठाण भेटीला म्हणून आले. त्यांतल्या मुबारकखान लोहानीने पाठीत खंजीर खुपसला. माछीवाड्याला पडलेल्या त्या लोहानीचा हा मुलगा. दिवस होता 31 जानेवारी 1561, शुक्रवार. दिल्ली-आग्र्याच्या राजकारणाशी या खुनाचा काही संबंध नव्हता. सहा वर्षे मनात ठेवलेला बापाच्या रक्ताचा हिशेब होता तो, आणि तो समजायला तुर्कमान बेगाच्या वंशजाला कुणी दुभाषा लागला नसता. काही फकिरांनी प्रेत उचलून एका शेखाच्या थडग्याजवळ पुरले. पुढे अस्थी मशहदला नेल्या.

छावणी लुटली गेली. चार वर्षांच्या अब्दुर्रहीमला मुहम्मद अमीन दिवाना, बाबा जंबूर आणि थोड्या नोकरांनी झगडत, पाठलाग चुकवत अहमदाबादला नेले आणि तिथून आग्र्याला पोचवले. भटिंड्याच्या दिवान्याने लुटले, पाटणच्या दिवान्याने तारले. सलीमा बेगमशी पुढे अकबराने लग्न केले.

1573 च्या सुरुवातीला अकबराने सुरतेच्या किल्ल्याला वेढा घातला आणि दीड महिन्यात तो घेतला. 1575 च्या ऑक्टोबरात हुमायूनची बहीण गुलबदन बेगम फतेहपूरहून हजला निघाली. तिच्या काफिल्यात सलीमा होती. पहिल्या नवऱ्याचा अर्धा राहिलेला रस्ता ती चालत होती. सुरतेत या बायकांना जवळपास वर्ष काढावे लागले, कारण समुद्र पोर्तुगीजांचा आणि त्यांचा परवाना मिळाल्याशिवाय जहाज हलत नव्हते. अकबराजवळ माणसे होती आणि जमीनही, पण खाडीबाहेर दोन्हींचा काही उपयोग नव्हता. 1576 च्या ऑक्टोबरात जहाज सुटले. सलीमा हज करून 1582 मध्ये परतली.

रहीमचे काय? आपल्या हिंदीच्या पुस्तकात तो दोह्यांचा रहीम म्हणून येतो. बाप तुर्कमान, आई मेवाती. 1584 मध्ये सरखेजला जिंकून त्याने बापाची खान-ए-खानान ही पदवी मिळवली आणि पुढची उमर बहुतेक दख्खनेत घालवली, अहमदनगरच्या चांदबिबीपासून मलिक अंबरापर्यंत. त्याच्यामागे चालणारे बहारलू कुठले असणार? रजपूत, सय्यद, शायर, चित्रकार, असा नाना तऱ्हेचा मेळा. त्याचा उजवा हात होता दौलतखान लोदी, म्हणजे पठाण. बाप पठाणाच्या खंजिराने मेला आणि मुलगा पठाणाच्या भरवशावर लढला. रहीमने बापाची चूक केली नाही: जहागिरी बादशहाने दिल्या, पण त्याने माणसांना आपल्या हाताने इतके दिले की त्याच्या दानाच्या कथा आजही सरत नाहीत. लूट वाटून देणाऱ्या बेगाची जुनी रीत त्याच्या अंगात पुन्हा उतरली होती, असे मी समजतो. पुढे शाहजहानच्या बंडात तो दोन्हीकडे हिंदकळला आणि म्हातारपणी फार सोसले, तोही भाग आहे. पण तिकडे आत्ता जात नाही.

1597 च्या फेब्रुवारीत गोदावरीकाठी आष्टीजवळ विजापूरच्या सुहेलखानाची प्रचंड फौज त्याच्यासमोर उभी होती. दौलतखान थोडे स्वार घेऊन शत्रूवर तुटून पडायला निघाला होता. जाता जाता वळून त्याने विचारले, की हरलो तर तुम्हाला गाठायचे कुठे, ते ठिकाण सांगून ठेवा. रहीम म्हणाला, प्रेतांच्या ढिगाखाली.

मोगलांच्या बाजूने त्या दिवशी खानदेशचा राजा अलीखान फारुकीही लढत होता. रात्री अंधारात तो कुठेच दिसेना. मोगल शिपायांनी तर्क केला की गेला असेल शत्रूला मिळायला, आणि त्याचा तळ लुटून टाकला. उजाडल्यावर लढाईच्या ऐन जागी त्याचे प्रेत सापडले, भोवती त्याचे सरदार आणि पाचएकशे माणसे पडलेली. लुटलेले सामान परत आणायला सुरुवात झाली. राजा अलीखानाला बुऱ्हाणपूरला नेऊन पुरले.